केळं आधी दिल्लीला पाठवा!

खानदेशात ज्या घरी सकाळी कळण्याची भाकरी नि ठेचा होतो, तिथल्या पोराच्या ताटात दुपारी शाळेच्या पोषण आहारात खिचडी पडते. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. दादर ज्वारी शाळेच्या कुंपणापलीकडेच उभी असते. पण तिला आत यायचं तर शासन निर्णय लागतो. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मिरचीचे ढीग लागतात, शाळेत तिखट मात्र ठेकेदाराच्या पुरवठ्यातलं.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारला पाझर फुटला. शाळेच्या ताटात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं किंवा स्थानिक फळ. जळगावकडच्या रावेर-यावलच्या केळीबागांना वाटलं, आता तरी आधी गल्ली, मग दिल्ली. पण जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा निधी बंद झाला, त्याबरोबर बदली केळ्याचाही. द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं. सोपंच आहे. व्यापाऱ्याने ज्याचा भाव पाडला, त्याच शेतकऱ्याच्या दारात गुरुजींनी घड मागायला जायचं!

जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोरं हे स्पर्धा परीक्षेसाठी घोकतात. चाखणं अभ्यासक्रमाबाहेर.

एक नम्र सूचना. पोषण आहाराच्या निविदेत ‘मालाचा प्रवास किमान पाचशे किलोमीटर’ अशी अट घालावी. म्हणजे सावद्याचं केळं दिल्लीला जाऊन, काळं पडून परत आलं, की सावद्याच्याच शाळेत रीतसर पात्र ठरेल. वर वाहतूक भत्ताही मिळेल.