नागपूरचं रूम टेम्परेचर

'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशी पाटी मिरवणाऱ्या नागपुरी हॉटेलाच्या मेनूकार्डात वाईनचं पान शोधायला कष्ट पडत नाहीत. ज्या पानावर तर्रीचा एकही डाग नाही, ते वाईनचं. व्हिस्कीच्या पानाचे कोपरे दुमडलेले असतात, बियरच्या पानावर ग्लासांच्या बुडांची ओली वर्तुळं उमटलेली असतात, आणि त्यांच्या मध्ये हे पान हळदीकुंकवाला चुकून आलेल्या मडमेसारखं अंग चोरून बसलेलं असतं. त्यावर पंधरा-वीस नावं दिसली की गिऱ्हाईक दबतं, मालक सुखावतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. नागपुरात वाईनची यादी जितकी लांब, तितकी ग्लासातली वाईन वाईट. चार नावांची यादी चांगली. दोनच असतील तर मालकाच्या पाया पडायला हरकत नाही.

याचं मूळ कारण ऊन. रेड वाईन 'रूम टेम्परेचर'ला द्यावी हे ज्यांनी ठरवलं, त्यांची रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली होती, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे नवतपा लागला की पारा 45 च्या घरात जातो. त्या हिशेबानं रूम टेम्परेचरची वाईन म्हणजे काढाच. वाईन उष्णतेत टिकत नाही, फळाचा वास जातो आणि शिजवल्यासारखी चव येते. यावर 'आमचा हॉल एसी आहे' असं उत्तर मिळतं. पण एसी गिऱ्हाइकांसाठी असतो, बाटल्यांसाठी नव्हे. रात्री शटर पडलं की तो बंद होतो, आणि काउंटरमागे पिवळ्या दिव्याखाली शोभेला मांडलेल्या बाटल्या सकाळपर्यंत उकडत राहतात. राहिला फ्रिज. पण मे महिन्यातल्या नागपुरात बारच्या फ्रिजवर बियरचा जो हक्क असतो, त्याला आव्हान देण्याची कोणाची प्राज्ञा नाही. उरलेल्या कोपऱ्यात चार बाटल्या मावतात. विसाव्या नावाची बाटली नेमकी कुठे ठेवली आहे, एवढंच विचारावं. वाईनमधलं काहीही कळत नसलं तरी परीक्षा पूर्ण होते.

दुसरं गणित ग्लासांचं. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 चे पाच ग्लास. सहा जणांच्या टेबलावर एक वाईनवाला असतो, बाकीच्यांच्या क्वार्टर आधीच ठरलेल्या. त्याच्यासाठी बाटली उघडली की उरलेले चार ग्लास पुढच्या वाईनवाल्याची वाट पाहतात, आणि तो कधी येईल हे पंचांगातही नसतं. उघडी वाईन फ्रिजमध्येसुद्धा तीन-चार दिवसांत उतरते, नंतर व्हिनेगरच्या वाटेला लागते. वीस नावं 'ग्लासवर' मिळतात असं जिथे लिहिलंय, तिथे एक तर वीस बाटल्या आंबताहेत किंवा यादी खोटी आहे. यादी खोटी असेल तर बरं.

'पण निवड नको का? नागपूर काय पुण्या-मुंबईपेक्षा कमी आहे?' हा आक्षेप अस्मितेचा, म्हणून जरा जपून उत्तर देतो. नागपूरला लहान यादीचं मोल शिकवायची गरजच नाही. सावजीच्या भोजनालयात पाटीवर काय असतं? मटण, चिकन, खूर, अंडाकरी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं हे जेवण शहरभर पसरलं ते पर्यायांमुळे नव्हे. पातेलं रोज रिकामं होतं, म्हणून रोज ताजं चढतं. बावीस प्रकारचं मटण लिहिलेल्या सावजीवर कोणताही नागपूरकर संशय घेईल; वाईनच्या पानाशी आला की त्याची हीच अक्कल कुठे जाते कोण जाणे.

'वाईन जितकी जुनी तितकी भारी' असंही कोणी म्हणतं. ते गार तळघरात पडून राहणाऱ्या आणि त्यासाठीच बनवलेल्या निवडक बाटल्यांचं. हॉटेलात मिळणारी बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची असते. शिवाय ती येते कुठून? नाशिकहून, किंवा अकलूजहून. उसाच्या त्या मुलखात 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ', या नावानं वाईन तयार होते. नाशिकची बाटली समृद्धी महामार्गानं आली तर नागपूरच्या आधी वर्धा जिल्हा लागतो, गांधीजींच्या सेवाग्रामचा, दारूबंदीचा. 'ड्राय' या शब्दाचा विदर्भातला पहिला अर्थ तिथला. लेबलावरच्या 'ड्राय'चा अर्थ नुसता 'गोड नसलेली', हे इथे वेटरलाही समजावून सांगावं लागतं.

सगळ्यात जोरदार आक्षेप तर्रीचा. तिच्यापुढे वाईन टिकणार कशी? रेड खरंच टिकत नाही. तिचा तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून तिखटाची आग वाढवतात. पण किंचित गोडसर, गार शेनिन ब्लाँ जीभ शांत करते. नाशिककडची ही वाईन सहज मिळते, फार महागही नसते, आणि मराठी माणसाला ती मागवायची लाज वाटते, कारण यादीत ती सर्वांत खाली आणि स्वस्त असते. तो मग खालून दुसरी मागवतो. लांब यादीचा खरा उपयोग एवढाच: लाज लपवायला जागा मिळते.

राज्याच्या कायद्यानंही वाईनला धाकटं मानलंय. वाईन आणि सौम्य बियर एकविसाव्या वर्षी, व्हिस्की पंचविसाव्या. तरी जिथे व्हिस्की-रम विकून धंदा चालतो, त्या दुकानाला आपण 'वाईन शॉप' म्हणतो. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा 'वाईन ही दारू की नाही' यावर महाराष्ट्र आठवडेच्या आठवडे भांडला. ती कोणत्या तापमानाला ठेवणार, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

तेव्हा कार्ड मिटावं आणि वेटरला विचारावं, 'थंडी कोणती आहे?' तो फ्रिज उघडून, बाटलीला हात लावून आला तर त्याचं ऐकावं. 'सगळ्याच थंड्या आहेत सर' म्हणाला तर बियर मागवावी. आणि 'बर्फ टाकून देतो ना' म्हणाला, तर जाणकारांना काय वाटेल याचा विचार नोव्हेंबरात करावा. मे महिन्यात ग्लास पुढे करावा, दोन खडे घ्यावेत.