न्हाणीघरातला खून आणि रात्रीची लाइन

'सायको' १९६०मध्ये लागला तेव्हा हिचकॉकने थिएटरवाल्यांना बजावलं होतं, खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका. साहेब मारेगावला आले असते तर हा तोरा उतरला असता. इथे प्रेक्षक वेळेवर बसतो, विजेची लाइनच मधून उठून जाते.

तरी परवा भाच्याच्या मोबाइलवर तो एकदाचा पाहिला. न्हाणीघराचा पडदा, पलीकडे सावली, मग ती किंचाळणारी व्हायोलिनं. मी पाय खाटेवर घेतले. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, हे ठाऊक असूनही. (कृष्णधवलमध्ये काहीही खपतं, आमचा जरासा ओला कापूस जिनिंगवर खपत नाही.)

शेजारचे काकाजी मात्र ढिम्म. "थे बाई एकटी कायले थांबली बे तिथं?" एवढंच म्हणाले, आणि टॉर्च, काठी घेऊन वावराकडे निघाले. पंपाला थ्री फेज रात्रीच मिळणार होती. २०१८मध्ये याच जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ, अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या बळींचा ठपका होता तिच्यावर. वाघ येताना व्हायोलिन वाजत नाही, ही मोठीच तांत्रिक उणीव.

या विजेच्या वेळापत्रकाची पटकथा कोण लिहितो कोण जाणे! माणसाला अंधारात, एकटं, पाण्यापाशी कसं आणून उभं करावं, हे त्याला हिचकॉकइतकंच पक्कं ठाऊक आहे.