मराठवाड्याला जीव लावण्याची रीतसर पद्धत

मराठवाड्याविषयी ओढ वाटणं ही जन्मजात देणगी नाही; ती सरावानं अंगी मुरवावी लागते. जन्म तिथलाच असेल तर सराव लवकर सुरू होतो, एवढाच काय तो फायदा. प्रस्तुत मार्गदर्शन मुख्यतः अशा इच्छुकांसाठी आहे, जे पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब नोकरी करतात, गावाकडच्या बंद घराची पट्टी न चुकता भरतात आणि ‘आता तिकडं काय राहिलंय’ असं म्हणत म्हणत तिकडचंच तिकीट काढतात.

पहिली पायरी भूगोलाची. उरलेल्या महाराष्ट्राच्या डोक्यात ‘विदर्भ-मराठवाडा’ नावाचा एकच लांबलचक प्रदेश असतो. तिथं ऊन पडतं, कापूस पिकतो आणि मंत्री पाहणीला जातात. इच्छुकानं आधी ही गाठ सोडवावी. ‘तुम्ही लातूरचे? म्हणजे नागपूरकडचे का?’ असं कोणी विचारलं, तर न चिडता सांगावं, की लातूरहून नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ आहे. एवढ्यावर समोरचा गप्प बसतो. नाहीच बसला तर इतिहास काढावा. विदर्भ इंग्रजांच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा परभणी-नांदेडवर निजामाचंच राज्य होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, शेवटी भारतीय सैन्य आलं आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. म्हणजे तेरा महिने उशीर. ही तारीख इच्छुकानं पाठ करावी, कारण पुढच्या सगळ्या उशिरांचं मूळ तिथं आहे. स्वातंत्र्यच तेरा महिने उशिरा आलं म्हटल्यावर एसटी पाऊण तास उशिरा आली म्हणून किती रागवायचं, याचा अंदाज येतो.

दुसरी पायरी तक्रारीची. इतर प्रांतांत माया जेवायला वाढून दाखवतात. मराठवाड्यात आधी तक्रार वाढतात, मग जेवायला. यासाठी ‘अनुशेष’ हा शब्द सहज तोंडात बसला पाहिजे. दांडेकर समितीनं हा अनुशेष १९८४ मध्ये मोजून दिला. १९९४ मध्ये तो भरून काढायला वैधानिक विकास मंडळ आलं. २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. २०२० च्या एप्रिलमध्ये मंडळाची मुदत संपली, अनुशेषाला मात्र मुदत नसते. या सगळ्या काळात मंत्रिमंडळ दोनदा मुक्कामाला येऊन गेलं: २०१६ मध्ये ४९ हजार कोटींच्या घोषणा झाल्या, २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त ४५ हजार कोटींहून अधिकच्या. सात वर्षांनी आकडा थोडा खाली आला, म्हणजे प्रदेश तेवढा पुढं गेला असं धरायचं का, हे इच्छुकानं आपापल्या तालुक्यात विचारून घ्यावं.

तक्रार करताना एक खबरदारी घ्यावी लागते. समोरचा माहितगार निघाला तर तो मुख्यमंत्र्यांची यादी काढतो. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. चार जण, त्यांत नांदेडचे बापलेक. अशा वेळी ‘माणसं आमची होती, पण खुर्ची मुंबईची होती’ असं उत्तर देण्याची चाल आहे. ऐकायला ते झकास आहे, पण त्याला फारसा अर्थ नाही. शंकररावांच्या नावावर जायकवाडी सांगता येतं. बाकीचा हिशोब घरातल्या घरात मागायला हवा होता. मुंबईला चार खडे बोल सुनावणं सोपं असतं, निलंगेकरांच्या निलंग्यात किंवा देशमुखांच्या बाभळगावात कोणाला काय विचारणार! प्रेमाचा हा भाग अनेक इच्छुक आयुष्यभर टाळतात.

जायकवाडीचा विषय निघालाच आहे, तर तिसरी पायरी पाण्याची. पैठणच्या या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. दहा किलोमीटरचा बांध, २७ दरवाजे आणि मागं नाथसागर. दरवाजे उघडले की अख्खा जिल्हा मुलंबाळं, भेळ आणि मोबाइल घेऊन पाणी बघायला जातो. बघायला, असं मुद्दाम म्हटलं आहे. तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, उन्हाळ्यात काही वस्त्यांत त्याहून उशिरा. १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन २०२० मध्ये झालं. नंतर खर्च २७४० कोटींवर गेला. पाणी टाकीत चढायच्या आधी खर्च चढला. इच्छुकानं इथं गृहिणींकडून शिकावं. ‘आज आमचा पाण्याचा दिवस आहे’ असं म्हणून तिथं मुंजीचं आमंत्रणसुद्धा नाकारता येतं, आणि कोणी वाईट वाटून घेत नाही.

लातूरकरांचा अभ्यास याहून पुढचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी एप्रिलमध्ये आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर घेऊन. तिचं नाव ‘जलदूत’. त्या दिवसांत रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या लातूरकराला त्यात कौतुक वाटण्यासारखं काही नव्हतं. पण दहा वर्षांनंतर तोच माणूस पुण्यातल्या सोसायटीच्या बैठकीत टँकरवरून भांडण पेटलं की शांतपणे म्हणतो, ‘आमच्याकडं पाणी रेल्वेनं यायचं’, आणि बैठक संपते. हालाचं अभिमानात रूपांतर व्हायला साधारण एवढा काळ लागतो.

हा क्रम सगळीकडं लागू पडत नाही, हेही नोंदवून ठेवावं. २०२५ च्या सप्टेंबरात याच दुष्काळी मुलखात, धाराशिव-बीडच्या बाजूला, पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. शेतांतली मातीच खरवडून गेली. पाऊस कमी पडला तरी नुकसान आणि जास्त पडला तरी नुकसान. यावर अजून कोणाला विनोद सुचलेला नाही, आणि या मार्गदर्शनातही तो नाही.

चौथी पायरी रेल्वेची. ती चढायला वेळ लागतो. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हा बीडमध्ये जन्मलेल्या मुलानं शाळा केली, कॉलेज केलं, पुण्यात नोकरी धरली, लग्न केलं, आणि प्रत्येक निवडणुकीत ‘रेल्वे आलीच’ हे वाक्य ऐकलं. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत पोहोचली. १७ सप्टेंबर २०२५ ला, बरोबर मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडच्या स्थानकात शिरली. म्हणजे निजामापासून सुटका तेरा महिन्यांत झाली आणि नगरहून बीडला यायला रुळांना तीस वर्षं लागली. पुढं परळीपर्यंतचं काम चालू आहे.

इथं इच्छुकाची थोडी कुचंबणा होते. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना करत मनमाडला जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला, आणि तोही निजामाच्या राज्यात. ज्याच्यापासून मुक्त झालो त्याच्याच रुळांवरून सव्वाशे वर्षं प्रवास करायचा, म्हणजे शिव्या नेमक्या कोणत्या स्टेशनावर घालायच्या असा प्रश्न पडतो. त्यात नांदेड विभाग आजही दक्षिण मध्य रेल्वेत आहे आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला. तो मध्य रेल्वेला जोडावा ही मागणी जुनी आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, वेळापत्रक राहून गेलं.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची: गाव सोडणं. मराठवाड्याचं खरं प्रेम मराठवाड्याबाहेर फुलतं, आणि यात नवं काहीच नाही. संतांची यादी पाहावी. ज्ञानेश्वरांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं, समाधी आळंदीला. नामदेव परंपरेनं हिंगोलीतल्या नरसीचे. गेले पंढरपूरला, आणि तिथून पार पंजाबात घुमानपर्यंत. जनाबाई गंगाखेडची, तीही पंढरपूरला. रामदास जालन्यातल्या जांबचे, मुक्काम सज्जनगडावर. ज्या मातीत इतके संत उगवले, तिथले इतके संत बाहेर का गेले, असा प्रश्न अभ्यासकांनी अजून नीट विचारलेला नाही. ज्ञानेश्वरादी भावंडांना तर शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडं जावं लागलं, तिथं रेड्याच्या तोंडून वेद वदवले तेव्हा कुठं विषय पुढं सरकला, असं परंपरा सांगते. एका दाखल्यासाठी तालुक्याला हेलपाटे मारणाऱ्या आजच्या माणसानं हे लक्षात घ्यावं. त्याच्याकडं रेडा नाही, हाच काय तो फरक.

जे राहिले त्यांचाही उल्लेख व्हायला हवा. एकनाथ पैठणलाच राहिले, गोरा कुंभार तेरला, मुकुंदराज अंबाजोगाईला. पण शाळेच्या सहलींचा ओघ आळंदी-पंढरपूरकडं. पैठणीचंही तेच झालं. नाव पैठणचं, खरेदीला बस जाते येवल्याला.

आज हा प्रवास पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांपर्यंत येऊन थांबतो. सदाशिव पेठेत रात्री अकराला चहाच्या टपरीवर उभं राहिलं, तर बीड, परभणी, हिंगोली अशी हजेरी घेता येते. सगळे स्पर्धा परीक्षा देतायत. ‘काय करायलास?’ ‘बसलोय वाचत.’ तिथं इच्छुकाला या शास्त्राचा मुख्य नियम पाहायला मिळतो. परभणीचा मुलगा परभणीच्या रस्त्यांविषयी दहा मिनिटं असं काही बोलतो की ऐकणाऱ्यानं तिथं पाऊल ठेवू नये. तेवढ्यात शेजारचा कोणी पुणेकर भीत भीत म्हणतो, ‘हो ना, फारच मागास आहे म्हणे.’ लगेच रस्ते गुळगुळीत होतात. कृषी विद्यापीठ निघतं, लातूर पॅटर्न निघतो, वेरूळचं कैलास लेणं निघतं, आणि ‘तुमच्याकडं एका खडकात असं काय कोरलंय?’ या प्रश्नावर शनिवारवाडा माघार घेतो. निंदा करण्याचा हक्क वारशानं मिळतो. तो दुसऱ्याला वापरायला देता येत नाही.

याच वाटेनं आणखी एक मोठा जथा जातो, त्याला मात्र अभिमानाचे धडे द्यायची हिंमत या मार्गदर्शनात नाही. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशोबात एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड. पोरांची शाळा फडात बुडते. गावाची ओढ त्यांनाही असते, पावसाळ्याच्या तोंडावर ती माणसं परततातच. पण त्या ओढीवर लेख लिहिणारे आपण वेगळे, आणि कोयता उचलणारे वेगळे. ‘माती सोडवत नाही’ असं वाक्य लिहिताना इच्छुकानं ते कोणाला वाचून दाखवतोय हे एकदा पाहावं.

राहिली शेवटची पायरी, जेवणाची. छत्रपती संभाजीनगरात नान-कलिया खावा, नांदेड-परभणीकडं नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला मागावा आणि नावावर विनोद करू नये, सगळे करून झाले आहेत. पण प्रात्यक्षिक परीक्षा खरी होते ती वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिवच्या बाजूला दिवाळीच्या तोडीची. बाजारपेठ ओस पडते, कचेऱ्यांत सुट्टी असते, गावंच्या गावं शेतात. कडब्याची कोप उभारतात, आत पांडव मांडून पूजा होते. मग भज्जी, उंडे आणि मडक्यातलं आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हिरवे दाणे, डाळी आणि हाताला लागतील त्या भाज्या बेसनात शिजवलेल्या. चूक केली तर पहिल्याच घासाला इच्छुक परगावचा आहे हे कळतं, आणि मग त्याला दुप्पट वाढतात.

नियम इथं फार सैल आहेत. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. अनुशेष, पाणी, रेल्वे हे विषय त्या पंगतीतही निघतात, किंबहुना तिथंच सर्वांत जोरात निघतात, फक्त तोंडात घास असल्यानं शब्द नीट ऐकू येत नाहीत.

ही अमावास्या डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. पुण्याहून जाणाऱ्यांनी लातूरच्या गाडीचं आरक्षण लवकर करावं, कारण त्या दिवसांत जागा मिळत नाही. आमंत्रणाची वाट पाहू नये. मात्र दुपारी बाराच्या आत शेतावर पोहोचावं. उशिरा येणाऱ्याला आंबील मिळतं, भज्जी संपलेली असते.