चाळीसगावचा दोर की वाईचा?

पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप अण्णांस,


फोन असताना पत्र कशाला, असं आई विचारेल. तिला सांगा, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही आणि तुमचे जावई प्रसाद दोघे एकदम बोलता, तिकडे सोलापूरला दादा चिंचोळीच्या शेडमधून ग्राइंडर बंद न करताच मत देतो, आणि माझ्या वाट्याला ‘ऐकू येतंय का?’ एवढंच वाक्य उरतं. पत्रात कुणाला मध्येच बोलता येत नाही.

तर विषय विंचचा. प्रसादने जुनी प्राडो गाडी घेतली ते तुम्हाला माहीत आहे. तिच्या पुढच्या बंपरवर आता रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं विंच बसलंय. दूध लिटरमध्ये आणि बटाटे किलोत विकणाऱ्या या देशात विंच मात्र पौंडात विकतात. आमचं 12,000 पौंडांचं, म्हणजे सुमारे 5,440 किलो ओढणारं. तेही ड्रमवर दोराचा एकच थर उरला असेल तेव्हा. थर वाढले की ओढ कमी होते. हे मी सांगितल्यावर प्रसाद चकित झाला. मी क्रेनवाल्याची मुलगी आहे हे तो अधूनमधून विसरतो.

विंच आलं, पण दोर कुठला हे ठरेना. स्टीलची वायर रोप की सिंथेटिक?

तुमचं मत साऱ्या पर्थला ऐकू गेलंय. वायर रोप म्हणजे वायर रोप. दगडावर घासली तरी फिकीर नाही, उन्हात पडली तरी फिकीर नाही, अधूनमधून पुसून तेल-ग्रीस दिलं की झालं. तुम्ही चिंचोळीत इतकी वर्षं ओव्हरहेड क्रेनची देखभाल केलीत ती तिच्याच जिवावर. शिवाय ती आपल्याकडची. चाळीसगावला भारत वायर रोप्सचा कारखाना असताना जावई प्लॅस्टिकची सुतळी कसली विकत घेतात, हा तुमचा प्रश्न मी शब्दशः पोचवला. ‘सुतळी’ हा शब्द त्यांना लागला.

पण अण्णा, ती सुतळी तशी साधी नाही. पॉलिथिलीनच, पण त्याच्या अतिशय लांब साखळ्या एका दिशेत ताणून बसवलेल्या. नेदरलँड्समध्ये डीएसएम कंपनीच्या लोकांनी 1979 च्या सुमारास हा धागा ओढायची युक्ती शोधली, आणि 1990 मध्ये ‘डायनीमा’ या नावाने तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. आमच्या विंचला साडेनऊ मिलिमीटरची तीस मीटर वायर घेतली असती तर ती सुमारे 11 किलोची झाली असती. त्याच जाडीचा सिंथेटिक दोर दोन किलोंच्या आत, आणि तुटण्याआधी ताण वायरपेक्षा जास्त सोसतो. पाण्यात टाकला तर तरंगतो. आणि आपलेपणाचं म्हणाल, तर गरवारेंचा दोरांचा आणि जाळ्यांचा कारखाना वाईला आहे, ते अशाच धाग्याचे दोर जहाजांसाठी करतात. तेव्हा हे भांडण चाळीसगाव विरुद्ध वाई असं, घरातलंच आहे.

वजनाचं ऐकून प्रसाद फारच खूश झाला. पुढच्या चाकांवरचे नऊ किलो वाचले म्हणून त्याने मागे प्रेशर कुकर, फोल्डिंगचा गॅस, दोन पाहुणे आणि आईने पाठवलेली शेंगाचटणी भरली. गाडी होती तिथेच बसली.

तुमचा दुसरा मुद्दा उन्हाचा. ‘सोलापूरच्या मे महिन्यात वितळेल ते!’ सोलापूरच्या 44 अंशांत नाही वितळणार, अण्णा. वितळायला सुमारे 145 लागतात. पण मुद्दा तुमचा बराच खरा आहे, फक्त शत्रू सूर्य नव्हे, ब्रेक. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. गाडी उतारावर लटकलेली असताना दोर मोटरने सोडत गेलं की ब्रेक तापतो, त्याने ड्रम तापतो, आणि त्याला चिकटलेला पहिला थर भाजतो. सत्तर अंशांपुढे हा धागा आपली ताकद सोडू लागतो. म्हणून ड्रमजवळच्या भागावर उष्णता रोखणारी वेगळी खोळ घालतात. सूर्याचा त्रास वेगळा आणि सावकाश: वरचे धागे हळूहळू पिंजत जातात. वाळू आत शिरली तर ती आतून कातरते. म्हणजे स्टीलपेक्षा याचे लाड जास्त.

लाड कसे, तर समुद्रावरून आलं की दोर सगळा उलगडायचा, बादलीत बुडवून धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. प्रसादने तो मागच्या अंगणात दोन झाडांना बांधला. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो तर त्यावर आमच्या चिन्मयचे शाळेचे गणवेश आणि माझे दोन परकर. नऊ टनांची दोरी रिकामी कशी ठेवायची? चिमटे मात्र धरत नाहीत, दोर फार गुळगुळीत आहे. वाईवाल्यांना कळवा.

आता मी सिंथेटिकच्या बाजूने का, ते सांगते. तुम्हीच लहानपणी शिकवलंत की ताणलेल्या वायरवरून कधी ओलांडायचं नाही आणि तिच्या रेषेत उभं राहायचं नाही. वायर तुटली की वजनासकट माघारी येते. तुटलेल्या तारांचे काटे तर नुसत्या हाताने धरताच तळहातात घुसतात, तुमचा तळहात मी बघितलाय. सिंथेटिक दोर हलका, तुटला तर बराचसा जागीच गळून पडतो. टोकाचा हुक किंवा शॅकल मात्र उडू शकतो, म्हणून बेफिकीर राहायचं नाही. पण तुमच्या क्रेनखाली शिस्त होती, शिट्टी होती, पिवळी रेघ होती. इथे गाडी अडकली की आमचे सगळे मित्र मोबाईल काढून नेमके दोराच्या रेषेत उभे राहतात. अशा माणसांना वायर रोप देऊ नये.

आणि दोर कुठलाही असो, मध्यावर काहीतरी जड टाकायचं, तुटला तर त्या वजनाने खाली बसावा म्हणून. दुकानात त्याला डॅम्पर म्हणतात आणि जरीच्या लुगड्याचे पैसे घेतात. प्रसादने नकाशांच्या खाली ठेवलेली आपली सोलापुरी चादर काढली. मोरांची, लग्नात मावशीने दिलेली. मी ओरडले. मग बाहेर जाऊन बघितलं, ती दोरावर इतकी नीट बसली होती की मला बोलता येईना. भौगोलिक मानांकनात हा उपयोग लिहिलेला नसणार.

एवढं सगळं करून सव्वाशे किलोमीटरवर लान्सलिनच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो आणि रुतलो. विंच बांधायला झाड नाही, खांब नाही, सगळी वाळूच. शेजारचा एक म्हातारा आला, त्याने आमच्या चाकांतली हवा निम्म्याने कमी केली, फावड्याने चार घमेली वाळू बाजूला सारली आणि गाडी चालत बाहेर आली. विंच तसंच नवं आहे. प्रसादला हे बोलून दाखवू नका.

आता दादाचं. त्याला थारवर विंच बसवून उसाच्या ट्रॉल्या काळ्या मातीतून काढायच्या आहेत. त्याला सांगा, थार पावणेदोन टनांची, भरलेली ट्रॉली तिच्या कित्येक पट. ट्रॉली जागची हलणार नाही, थारच घसरत तिच्याकडे जाईल. आधी थारला मागून बांध, मग पुली लावून ओढ दुप्पट कर, ते तुम्ही त्याला शिकवाल. दगड, चिखल, बांध अशा कामाला आणि शेडमध्ये फेकून ठेवायच्या सवयीला त्याने स्टीलच घ्यावं. पुढे कधी सिंथेटिक लावलंच तर जुने रोलर काढून गुळगुळीत अॅल्युमिनियमचं तोंड बसवावं. वायरने रोलरवर पाडलेले ओरखडे नवा दोर चिरतात. आणि बंपर स्वतः वेल्डिंग करण्याआधी आरटीओत विचारावं. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलंय.

तेव्हा निकाल असा: चिंचोळीत चाळीसगाव, पर्थला वाई. जावयांशी यावर पुन्हा बोलायचं असेल तर आधी दादाचा ग्राइंडर बंद करवा.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

आपली,
सुनंदा

ता. क. : येताना दोन चादरी आणा. एक जरा जाड बघून घ्या, साधी, मोर नकोत.