कुमैताची सुधारणा

घोड्याचं शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं आणि लवकरच आईच्या मागे पळायलाही लागतं. त्याला कुणी शिकवत नाही. कुरणात वाढताना ते शेपटी उभारून अधांतरी दुडकतं, भर पळण्यात पाय बदलतं, लहर लागली तर मागच्या पायांवर गर्रकन फिरतं. अशा तयार प्राण्याला नीट चालायला शिकवण्यासाठी माणसाने ड्रेसाज नावाची विद्या काढली. तिच्यावर जाडजाड ग्रंथ लिहिले, तिच्यासाठी व्हिएन्नात झुंबरं टांगलेली शाळा बांधली आणि 1912 साली ती ऑलिम्पिकमध्येही नेली.

बिघाड झाला तो आपण पाठीवर बसलो तेव्हा. नुसत्या उभ्या असलेल्या घोड्याचंही साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. आपल्यासारखं गळपट्टीचं हाड त्याला नाही. छातीचा सगळा पिंजरा दोन खांद्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेला. त्या खांद्यांच्या मागे पंच्याहत्तर किलोचा गृहस्थ येऊन बसला की पाठ खचते, मान वर जाते आणि मागचे पाय मागेच रेंगाळतात. कडेवर पोर घेतलेली बाई एका अंगाला झुकून चालते, तसा तोही तोल सावरत चालू लागतो. वर पोर चुळबुळं असतं ते वेगळंच. म्हणजे घोड्याची चाल सुधारायची म्हणजे आपण बसण्यापूर्वी त्याच्याजवळ जे होतं ते, आपल्यासकट, त्याला परत मिळवून द्यायचं. याला आपण ‘शिकवणं’ म्हणतो, हा माणसाचा नेहमीचा मोठेपणा.

पुण्यात जिथे मी या वयात घोड्यावर बसायला जातो, तिथे माझ्या वाट्याला रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एक कुमैत घोडा आला आहे. पाठीवरचा माणूस खोगिरात बुड टेकून बसतो, ही गोष्टच त्याला नवीन. जॉकी रिकिबीत उभा, अंगाने हलका, गुडघे वर. शर्यतीत लगाम ताणला गेला की त्यावर तोंड टेकायचं आणि आणखी पळायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे मी ‘थांब’ म्हणून लगाम खेचला की तो आज्ञाधारकपणे वेग वाढवतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकत नाही.

जर्मन लोकांनी या सुधारणेच्या सहा पायऱ्या लावून ठेवल्या आहेत: लय, मोकळेपणा, लगामाशी हलकी भेट, उसळी, सरळपणा आणि शेवटी सगळं अंग मागच्या पायांवर एकवटणं. पहिली पायरी ऐकायला सोपी आहे. साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये तीन आणि मग एक क्षण चारही पाय हवेत. आमचे गुरुजी लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे रिसालदारसाहेब. ते मला दुसऱ्या पायरीचं नावही काढू देत नाहीत. वीस मीटरच्या वर्तुळावर दुडकी चालू असते, वर्तुळाला कोपरे फुटत असतात आणि मधूनमधून आवाज येतो, “सर, घोडा बरूबर हाय. तुमीच जरा गप बसा की.”

गप बसणं अवघड आहे. घोड्याच्या कातडीवर माशी बसली तर तो नेमका तेवढाच भाग थरथरवतो. मग खोगिरातल्या माझ्या हालचाली त्याच्यापर्यंत कशा पोचत असतील! मी खाली वाळूकडे पाहिलं की माझं उजवं कंबरडं ढासळतं आणि कुमैत विनातक्रार उजवीकडे निघतो. त्यात ते ‘हाफ हॉल्ट’ प्रकरण. थांब आणि चल या दोघांच्या मधलं काहीतरी घोड्याला सांगायचं, म्हणजे तो सावध होतो आणि वजन मागे घेतो. किती थांबवायचं, असं विचारलं तर रिसालदारसाहेब म्हणाले, “थांबवू नका. थांबवतो, थांबवतो, असं म्हना नुसतं.”

मला सगळ्यात आवडतो तो सरळपणा. माणसासारखा घोडाही डावरा-उजवा असतो. शिवाय त्याचे खांदे पुठ्ठ्यापेक्षा अरुंद, त्यामुळे भिंतीला अंग घासत चालला की तो तिरका होतो. यावर फ्रान्समधल्या ला गेरिनिएर नावाच्या अश्वगुरूने अठराव्या शतकातल्या आपल्या ग्रंथात मोठा नामी व्यायाम मांडला. भिंतीकडेने जाताना घोड्याचे खांदे किंचित आत घ्यायचे. मग आतला मागचा पाय पोटाखाली पुढे येतो आणि वजन उचलायला शिकतो. सरळ व्हायचं तर आधी वाकडं चालायचं. हा उपाय सरकारी कचेऱ्यांत त्याच्याही आधीपासून ठाऊक असावा.

ड्रेसाजच्या स्पर्धेत गुण देण्याची पद्धत मात्र मराठी घरांना पचणार नाही. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण, आणि सात म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. 2023 च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत 1982 नंतर भारताला पहिल्यांदाच सुवर्ण मिळालं. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या तिघांच्या टक्केवारीची बेरीज 209.205, म्हणजे सरासरी सत्तर टक्क्यांच्या किंचित आत. दहावीला एवढे पडले असते तर नातेवाईक सांत्वनाला आले असते.

आमची झेप तिथवर नाही. परवा शाळेतल्या शाळेत एक छोटी परीक्षा झाली. कुमैताच्या दुडकीला सहा मिळाले आणि शेरा होता, ‘लय चांगली, पाठ मोकळी हवी.’ ती मोकळी करण्यासाठी काय करावं, असं मी रिसालदारसाहेबांना विचारलं. त्यांनी घोड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शनिवारपासून ते माझ्या रिकिबी काढून घेणार आहेत.