कलादालन, तळमजला

सरकारी कार्यालयात स्थानिक छायाचित्रकारांची कला झळकावी, ही सूचना शिरसावंद्य. परळ-दादरच्या वॉर्ड ऑफिसांना तर शोधाशोधही नको. तुंबलेल्या हिंदमाता चौकाचे फोटो रहिवासी तक्रारीसोबत स्वखर्चानं जोडतातच. गुडघाभर पाण्यात बंद पडलेली टॅक्सी, मागे तरंगणारी एकच चप्पल. काय ती रचना! मध्यंतरी सेंट झेवियर्स मैदानाखाली पावसाच्या पाण्याच्या साठवण टाक्या बांधून पालिकेनंच या कलाप्रकारावर घाला घातला होता. पण २०२५ च्या मे महिन्यातच चौकात पुन्हा पाणी भरलं आणि परंपरा वाचली. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी टिपलेले पालिकेचेच सफाई कामगार मात्र इथे नकोत. अभ्यागतांचा मूड जातो. अर्जदारांना उत्तर छापून तयार ठेवावं : ‘आपली तक्रार फ्रेम करण्यात आली असून प्रकरण निकाली काढले आहे. काचेचा खर्च खिडकी क्रमांक ३ वर भरावा.’