नाव ठेवणारी आत्या

लग्नानंतर माहेरच्या घरातले लेकीचे हक्क एकेक करून गळत जातात. आधी कपाटातला कप्पा जातो, मग तिची खोली भावाच्या 'वर्क फ्रॉम होम'ची होते, आणि एका दिवाळीला तिला चहा पाहुण्यांच्या कपातून मिळतो. एक हक्क मात्र कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही. भावाला मूल झालं की बारशाला त्याच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच. आणि ते मूल मुलगी असेल, तर ही आत्या नसलेला पदर खोचून कामाला लागते.

वय चाळिशीच्या आसपास. राहायला ठाण्यात नाहीतर बाणेरला, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत. तिचं स्वतःचं नाव अश्विनी, प्रिया किंवा पूजा असतं, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. शाळेत बाईंनी हजेरीला 'अश्विनी' म्हटलं की चौघी उभ्या राहायच्या. त्यातली एक गाणारी, एक उंच, एक मुख्याध्यापकांची पुतणी. ही नुसतीच 'ती दुसरी अश्विनी'. घरी फोन आला तरी आई विचारायची, कुठली अश्विनी बोलतेय? आपल्या घरातल्या पुढच्या मुलीवर ही पाळी येऊ द्यायची नाही, अशी खूणगाठ तिनं तेव्हाच बांधलेली असते. स्वतःला मुलगा झाला, त्यामुळे तो सगळा साठा भावाच्या घरावर रिकामा होतो.

तिच्या अटी ऐकून घ्याव्यात. नाव दोन अक्षरी हवं, फार तर अडीच. अर्थ देवीचा चालेल, पण नावाला उदबत्तीचा वास येता कामा नये. गावाकडच्या पणजीला म्हणता यावं आणि न्यू जर्सीच्या मावशीच्या शेजारणीलाही. मागच्या बाकावरच्या पोरांना त्याचं यमक जुळवता येऊ नये. आणि मुख्य म्हणजे ते आजवर कुणी ठेवलेलं नसावं.

आपण बिचारे आपले सुचवायला जातो. मीरा? 'आमच्याच बी विंगमध्ये आहे.' ओवी? 'पाळणाघरात दोन आहेत.' रेवा? 'नर्मदा परिक्रमा करून आलेल्या प्रत्येकाच्या नातीचं तेच असतं.' मायरा, कियारा, शनाया ही तर तिच्या मते नावंच नव्हेत, लोशनच्या बाटल्यांवरची लेबलं. आणि अनन्या म्हणालात तर संपलंच. 'अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही ती. आमच्या चिरंजीवांच्या वर्गात अशा तीन आहेत. ए, बी आणि पाटील.'

मग ती शोधाला बसते. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश 1890 सालचा. त्यांनी तो संस्कृत वाचणाऱ्यांसाठी केला होता. हिनं तो लोकलमध्ये, मोबाइलवर, शेवटाकडून वाचायला घेतलेला असतो, कारण सुरुवातीचा 'अ' लोकांनी आधीच लुटून नेलाय. ललितासहस्रनामात देवीची हजार नावं आहेत. हिनं ती रात्री बसून एक्सेलमध्ये उतरवलीत. पुढच्या रकान्यात शेरे: 'फार लांब', 'सासूच्या मैत्रिणीचं', 'अर्थ चांगला, पण ऐकायला औषध'. लोपामुद्रा, अपाला, विश्ववारा या वेदातल्या बायका तिला शेजारणींपेक्षा जवळच्या झालेल्या असतात. घोषाही होती, पण 'निवडणुकीत पोरं घोषणा म्हणून चिडवतील' म्हणून मागे पडली.

अशातच गुरुजींचा फोन येतो. सगळे जमलेत, फोन स्पीकरवर. 'रास मिथुन. आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण.' गुरुजी जरा थांबतात. 'अक्षर ङ.'

घरात शांतता पसरते. आर्द्रेच्या चार चरणांची अक्षरं कू, घ, ङ, छ, हे पंचांगात छापलेलं आहे, पण ते आपल्याच पोरीच्या वाट्याला येईल असं कुणाला वाटतं? आजोबा पुटपुटतात, 'ङवरून तर वाङ्‌मयसुद्धा सुरू होत नाही.' एकटी आत्या मात्र उजळलेली. 'ङ! अख्ख्या महाराष्ट्रात कुणाचं नसेल!'

गुरुजी अनुभवी असतात. अशा आत्या त्यांनी पाहिलेल्या असतात. ते घाईघाईनं सांगतात की ङ, ञ, ण या अक्षरांनी नाव सुरू होत नाही, तिथं अनुक्रमे ग, ज, ड घ्यावं असं शास्त्रच आहे. आजी ताबडतोब म्हणते, 'मग गंगा ठेवा. माझ्या सासूबाईंचं.' आत्या तिच्याकडे ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं बँकेत कागदपत्रं अपुरी असलेल्या खातेदाराकडे बघायची तिला सवय आहे.

आणि तीन दिवसांनी, पहाटे, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तिचा संदेश येतो. फक्त एवढाच: 'ग्ना'.

भावाला वाटतं, झोपेत बोट लागलं. फोनवर खुलासा होतो. ऋग्वेदात देवांच्या स्त्रियांना ग्ना म्हणतात, अडीच अक्षरंसुद्धा नाहीत, दीडच, ग चालतं म्हणून शास्त्रालाही धरून. 'शिवाय व्यवहार बघ,' ती म्हणते. '1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपलं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चार नावं रकान्यात मावायला नकोत?' तिचा हा मुद्दा बिनतोड असतो. भाऊ तरीही बाल्कनीत जाऊन हलक्या आवाजात हाक मारून बघतो. 'ग्ना, वर ये.' खालून वॉचमन वर येतो. वॉर्ड ऑफिसात भाऊ सहज विचारून बघतो, तर तिथले गृहस्थ पेन टेकवून वाट बघत राहतात. 'हं. पुढं?'

बारावा दिवस जवळ येतो तशी घाई होते. आत्याला घाई मुळीच नसते, कारण तिनं कायदा वाचलाय. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. वर्षाच्या आत नाव घातलं तर पैसे पडत नाहीत, पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. 'पंधरा वर्षं?' भाऊ म्हणतो, 'तोवर ती स्वतःच ठेवून घेईल.'

हसू येतं खरं. पण या बाईला मी फार हसत नाही. आपल्याकडे मुलीला जगावेगळं नाव मिळण्याची आणखी एक रीत होती, आणि तिला कोश लागत नसे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, तर तिला नकुशी म्हणून मोकळं व्हायचं. ही जुनी गोष्ट नव्हे. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा अडीचशेहून जास्त नकुशांना नवी नावं दिली गेली. शाळेत जाणाऱ्या मुली होत्या त्या. मुलीच्या नावासाठी रात्र-रात्र जागणारी एखादी आत्या त्यांच्या घरी असती, तर तिनं ग्ना काय, ङ ठेवलं असतं तरी चाललं असतं.

असो. बारसं होतं. हार, घुगऱ्या, पाळण्याला फुगे. बाळाऐवजी आधी गोपाळकृष्णाला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत पाळण्याखालून फिरवतात. आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, 'कुर्रर्र' करते, आणि रिवाजाप्रमाणे मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. यातले काही धपाटे रिवाजापेक्षा जोरात असतात. वहिनीचा तर मनापासूनचा. नाव 'गार्गी' ठरलेलं असतं. ते वहिनीनं पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं आणि केकवाल्याला कळवलंही होतं. ननंदेचं संशोधन तिनं फक्त 'हो का, छान' म्हणत चालू दिलं. आत्यानंही माघार अशी घेतलेली नसते. याज्ञवल्क्याला भरसभेत प्रश्नांवर प्रश्न विचारणारी बाई म्हटल्यावर तिला हे नाव मान्य करता येतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती बृहदारण्यकाचा हवाला देते, घुगऱ्या खाता खाता लोक ऐकून घेतात.

'ग्ना' वाया गेलेलं नाही. ते तिनं राखून ठेवलंय. चुलतभावाच्या बायकोला सातवा लागलाय, पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे. त्या दोघांनी हुशारीनं 'नाव आमचं ठरलंय, सरप्राइज आहे' असं जाहीर केलंय, तरी आत्या एक्सेलची छापील प्रत पिशवीत टाकून निघालीच आहे.

'आणि मुलगा झाला तर?' मी विचारलं.

'मुलाचं काय एवढं,' ती म्हणाली, 'ठेवा अथर्व.'